माशांच्या नावाच्या फायली

अर्जकाकी काम करताना समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघायची नाही. तुम्ही तिच्या टेबलापुढच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बोलायला लागलात, की ती मान वळवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत ऐकायची आणि तिची बोटं आपली आपली चालत राहायची. नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं, बाई शिष्ट आहे. कारखान्यातला एक वेल्डर एकदा वैतागून म्हणाला होता, "काकीजी, इधर तो देखिए, मैं इधर बैठा हूँ." काकीने नजर न हलवता त्याला सांगितलं, "तुम बोलो, मेरा कान तुम्हारी तरफ है." मी एकदा कारण विचारलं होतं. तोंड बघितलं की कागद लक्षात राहतो, असं ती म्हणाली. आणि तिचा धंदा कागद लक्षात न ठेवण्याचा होता.

बोईसरच्या बाजारात, एका औषधाच्या दुकानाला चिकटून तिची जागा होती. आत दोन माणसं बसली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. 'येथे सर्व प्रकारचे अर्ज टाइप करून मिळतील' अशी पाटी होती, आणि त्या पाटीवरूनच तिचं नाव पडलं. खरं नाव मतदार यादीत असेल. ती आमच्याच गावची, किनाऱ्यावरची, आमच्या घरापासून चौथं घर. लग्न झालं नाही की केलं नाही, यावर गावात दोन मतं होती आणि काकीने कुठल्याच मताला आधार दिला नाही. रोज सकाळी डबा आणि छत्री घेऊन ती सहा आसनी रिक्षाने बोईसरला जायची. छत्री उन्हाळ्यातही असायची. आधी टाइपरायटर होता, मग कॉम्प्युटर आला, तो मोडला तेव्हा दुसरा, आणि मी ज्याच्याबद्दल सांगतोय तो तिसरा. प्रत्येक वेळी जुन्यातलं सगळं नव्यात उतरवून घेतल्यामुळे पंचवीस वर्षांचे अर्ज त्या एका डब्यात होते.

ते अर्ज साधेसुधे नव्हते. बोटीच्या लायसन्सचे, डिझेलच्या कोट्याचे असायचे, पण लोक तिच्याकडे खरे यायचे ते दुसऱ्याच कामासाठी. नवरा मारतो म्हणून पोलिसांना लिहायचं आहे, भावाने बापाचा अंगठा घेतला आहे, सुपरवायझर मास्क देत नाही आणि छातीत जळतं, पण नाव कळलं तर नोकरी जाईल. रात्रपाळी करून आलेला माणूस तिच्यासमोर रडायचा आणि ती कॅलेंडर बघत टाइप करायची. कागद हातात देताना ती प्रत्येकाला तेच वाक्य सांगायची. "मी टाइप केलं की इसरते. तू पण बाजारात सांगत फिरू नको." गावातल्या बायकांनी तिच्याकडून काही काढून घ्यायचे किती प्रयत्न केले, पण हाती काही लागलं नाही. आमच्या आईने तर बोंबलाचं सुकट देऊन पाहिलं. काकीने सुकट घेतलं, छान होतं म्हणाली आणि विषय संपला.

फायलींना माणसांची नावं द्यायची नाहीत, हा तिचा दुसरा नियम. कोणी वाकून पडद्यावर बघितलंच तर त्याला काही कळू नये, म्हणून तिने प्रत्येक घराला एका माशाचं नाव दिलं होतं. सतत कोर्टाची भाषा करणारा एक जण होता, तो शिंगाळा. कमी बोलणारी एक बाई मांदेली होती. रावस, घोळ, मुशी, बोय, ढोमा अशी सगळी खाडी आणि सगळा समुद्र त्या डब्यात भरला होता. कोण कोणता मासा, हे फक्त काकीच्या डोक्यात. माझा मासा मात्र मला माहीत होता, कारण माझा नोकरीचा अर्ज सेव्ह करताना मी वाकून बघितलं होतं. निवटी. म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारी ती डोळे बाहेर आलेली मासळी, जी धड पाण्यातली नाही आणि धड जमिनीवरचीही नाही. मला राग आला होता. सुरमई नाही तर निदान बांगडा तरी द्यायचा. काकी म्हणाली, वाकून बघतो त्याला असंच वाटतं.

तिसरी गोष्ट ती चावी. कॉम्प्युटर घेतला तेव्हाच तिने मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर घेतलं होतं, ज्याचा कीबोर्ड जुन्या टाइपरायटरसारखा चालतो. ते चालायचं अंगठ्याएवढ्या एका काळ्या चावीवर. ती कॉम्प्युटरच्या मागे खोचली तरच अक्षर उमटायचं. संध्याकाळी दुकान बंद करताना काकी चावी काढून पदराच्या गाठीला बांधायची. त्या अक्षरातली फाईल दुसरीकडे उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं आणि डॉलरची खिचडी दिसायची. सगळं जग नव्या पद्धतीच्या मराठीकडे गेलं, तूही जा, असं मी तिला किती वेळा सांगितलं. तिचं म्हणणं, दुसरीकडे दिसत नाही तेच बरं आहे की.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचा घोटाळा माझा आहे. मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये वीस वर्षं आहे. तिथे माल आला की कॉम्प्युटरवर चढवायचा आणि गेला की उतरवायचा, एवढंच मला येतं. पण गावात मी कॉम्प्युटरवाला. कोणाचा मोबाईल अडला, प्रिंटर फुरफुरला, की मला बोलावणं यायचं आणि मीही कधी 'येत नाही' म्हटलं नाही. अज्ञानात सुख असतं म्हणतात. अर्धवट ज्ञानात त्याहून जास्त असतं, असा माझा तोवरचा अनुभव होता.

आमची बोट होती. मी एकुलता एक, म्हणजे बाबांनंतर ती मीच चालवायची, हे इतकं ठरलेलं होतं की ते कोणी बोलूनही दाखवलं नव्हतं. मी चार हंगाम गेलो आणि मग कारखान्याची नोकरी धरली. बाबांना वाटलं, पोरगा पँट-शर्टाला आणि कंपनीच्या बसला भुलला. ते मला काही बोलले नाहीत. त्यानंतर ते माझ्याशी फारसं काहीच बोलले नाहीत, जे सांगायचं ते आईला सांगायचे आणि आई मला सांगायची. खरं कारण मी कोणालाच सांगितलं नव्हतं. मला बोट लागायची. किनारा दिसेनासा झाला की पोटात ढवळायला लागायचं आणि मी मागे जाऊन लपून ओकायचो. मच्छीमाराच्या पोराला बोट लागते हे सांगण्यापेक्षा भुललेला पोरगा म्हणवून घेणं मला सोपं वाटलं. सहा वर्षांपूर्वी बाबा गेले, तोवर हे तसंच राहिलं.

तर एके दिवशी काकीच्या पडद्यावर एक निळा मजकूर आला. तुमची सिस्टीम आता जुनी झाली, तिला यापुढे आमचं संरक्षण मिळणार नाही, दहा नंबरवरून अकरा नंबरवर या, अशा अर्थाचा. काकीने तो बंद केला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. तिने मला बोलावलं आणि एका वापरलेल्या पाकिटाच्या मागे लिहिलेले दोन प्रश्न माझ्या हातात दिले. पहिला, नवीन घातल्यावर माझं अक्षर चालेल का? दुसरा, नवीन घातल्यावर माझे कागद कोण बघेल? बाकी मला काही नको, म्हणाली, या दोघांची उत्तरं आण.

मला वाटलं, दुपारपर्यंत आणतो. महिना गेला. बोईसरच्या दुरुस्तीवाल्याने सांगितलं की मशीन चालेल, पण चावी चालणार नाही. आमच्या कारखान्यातल्या कॉम्प्युटर विभागाच्या साहेबांनी सांगितलं की चावी चालेल, जुन्यासारखं वागायला सांगायची एक सोय असते, ती लावायची. पण मशीनच चालणार नाही. मशीन चालेल की नाही ते तपासणारा एक प्रोग्रॅम असतो, तो चालवला तर हिरवी खूण आली. अक्षरवाल्या कंपनीचा फोन लागलाच नाही. दुसऱ्या प्रश्नावर तर आणखी गंमत. एक म्हणाला, नवी सिस्टीम सगळं बघते. दुसरा म्हणाला, जुनीही बघत होती, तुम्हाला आत्ता कळलं. तिसरा म्हणाला, जुनीवरच राहिलात तर चोर घुसतील आणि तेच बघतील. म्हणजे घातली तरी कोणीतरी बघणार आणि नाही घातली तरी. मी हे सगळं काकीला जसंच्या तसं सांगितलं. ती पाकिटाकडे बघत म्हणाली, "तू मला उत्तर आणलंस का आणखी प्रश्न?"

शेवटी चोरांच्या भीतीने आम्ही ठरवलं की घालायची. मुहूर्तही तिनेच काढला. भांगाच्या दिवसांत भरती-ओहोटीला जोर नसतो, बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात आणि मग सगळा गाव कामं घेऊन बाजारात येतो. तेव्हा दुकान बंद ठेवणं शक्यच नव्हतं. उधाणात माणसं समुद्रावर, दुकान ओस. म्हणून उधाण लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकून गेलो. काकीने कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं होतं आणि बाजूला नारळ ठेवला होता. नवी बोट पाण्यात घालताना फोडतात तसा फोडायचा का, असं मी चिडवलं. आधी चालू दे, मग फोडू, म्हणाली.

नवी सिस्टीम बसताना पडद्यावर एकेक प्रश्न यायला लागला. तुम्ही कुठे आहात ते बघू का, तुम्ही काय टाइप करता ते आमच्या सुधारणेसाठी घेऊ का, तुमच्या आवडीच्या जाहिराती दाखवू का. काकी चष्मा लावून प्रत्येक इंग्रजी वाक्य बोटाने वाचायची, मला अर्थ विचारायची आणि उत्तर द्यायची, नाय. पुढचं, नाय. एका ठिकाणी 'नाही' असं बटणच नव्हतं, 'हो' होतं आणि 'नंतर विचारा' होतं. काकीला ते फार लागलं. माणसाला नाही म्हणायची जागाच ठेवली नाही, हा कुठला अर्ज, असं ती दोनदा म्हणाली. मग ईमेल मागितला. काकीने जन्मभर दुसऱ्यांचे ईमेल उघडून दिले होते, स्वतःचा नव्हता. मी म्हटलं, माझा टाकतो, काय फरक पडतो. त्यानंतर आलं, तुमच्या फायली सुरक्षित ठेवू का. काकीने विचारलं, कुठे ठेवणार? मला नक्की माहीत नव्हतं. पण 'सुरक्षित' शब्द चांगला होता आणि बटण मोठं, निळं होतं. मी म्हटलं, इथेच असेल कुठेतरी, आणि दाबलं.

चावी पहिल्यांदा ओळखलीच गेली नाही. अर्ज उघडला की खिचडी. काकीचा चेहरा बघवेना. मग साहेबांनी सांगितलेली ती जुन्यासारखं वागायची सोय मी शोधून लावली आणि पडद्यावर मराठी उमटलं. काकीने नारळ फोडला. मला खोबरं दिलं, औषधाच्या दुकानात दिलं, आणि मी स्वतःवर भलताच खूश होऊन घरी आलो.

संध्याकाळी चहा पिता पिता मुलीच्या अभ्यासासाठी घेतलेला लॅपटॉप उघडला. त्यातही माझाच ईमेल होता. कोपऱ्यात एक ढगाचं चित्र हलत होतं आणि नवीन फायली येत होत्या. मी उघडून बघितलं. शिंगाळा. मांदेली. रावस. घोळ. एकाखाली एक मासे येत राहिले आणि चहा तसाच गार झाला. पंचवीस वर्षं जे काकीने आईच्या सुकटालाही दिलं नाही, ते माझ्या घरच्या टेबलावर येऊन पडत होतं, आणि ते मी स्वतःच्या हाताने बटण दाबून मागवलं होतं.

त्याच वेळी बंद करायला हवं होतं. मी यादीत खाली खाली गेलो. 'निवटी' होती. आत माझे चार-पाच अर्ज होते, आणि सगळ्यात वर एक जुनी फाईल होती, 'निवटी मोठा'. तारीख मी कारखान्यात लागलो त्या महिन्यातली, माझ्या स्वतःच्या अर्जानंतर दोनच आठवड्यांची. बाबांना सही करता यायची, त्यापुढचं लिहिणं नाही. म्हणजे बाबा बोईसरला गेले होते, त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते आणि काकीला काहीतरी सांगून टाइप करून घेतलं होतं. जो माणूस माझ्याशी बोलत नव्हता, तो तिच्याशी बोलला होता.

मी ती उघडली. उघडायला नको होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पडद्यावर खिचडी आली, कंस, डॉलर, उलटीसुलटी इंग्रजी अक्षरं, पाऊण पान. आकडे तेवढे आकड्यांसारखे दिसत होते, आणि त्यात माझी जन्मतारीख होती. बाकी एक शब्द लागेना. असली जुनी अक्षरं नव्यात बदलून देणाऱ्या वेबसाइट असतात, तिथे फाईल टाकायची की झालं. मी एक उघडलीही. मग मनात आलं, बाबांचं जे काही आहे ते मी कुठल्या अनोळखी माणसाच्या कॉम्प्युटरला देतोय, आणि ती बंद केली. अर्ध्या तासाने पुन्हा उघडली. पुन्हा बंद केली. पोराला परत पाठवा असं बाबांनी कारखान्याला लिहिलं असेल? की पोराला सांभाळा असं? घरातून बेदखल करायचा कागद असेल? तीन दिवस मी स्टोअरमध्ये आलेला माल उतरवत होतो आणि गेलेला चढवत होतो.

चौथ्या दिवशी काकीकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ईमेल माझा टाकल्यामुळे काय झालं, मोठ्या निळ्या बटणाचा अर्थ काय होता, सगळं. काकी कॅलेंडरकडे बघत ऐकत होती. बोटं मात्र हलत नव्हती.

"वाचलंस?" तिने विचारलं.

"वाचता नाही आलं."

"पण उघडलंस."

मी हो म्हटलं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मग तिने बाहेरची पाटी उलटी केली, दार ओढलं आणि मला ते सगळं माझ्याकडून काढून टाकायला बसवलं. मी काढलं. मग तिथेही एक कचऱ्याची टोपली निघाली, काढलेल्या गोष्टी महिनाभर जपून ठेवणारी, तीही रिकामी केली. ढगाशी असलेलं नातं तोडलं, माझा ईमेल काढला. ती शेजारी उभी राहून बघत होती.

"आता पक्कं गेलं?"

खोटं बोलायची माझी हिंमत संपली होती. कुठल्या देशात, कुठल्या खोलीत, कुठल्या डब्यात ते तीन दिवस राहिलं आणि तिथे त्याची आणखी एखादी प्रत झाली का, मला काय ठाऊक? मी म्हटलं, बहुतेक.

काकी खुर्चीत बसली. "बहुतेकवर मी कदी काम केलं नाय रे," म्हणाली.

दुकान त्या एका शब्दाने बंद झालं. मी खूप समजावलं. जुनी सिस्टीम परत घालू, इंटरनेटची वायरच काढून टाकू, पुन्हा टाइपरायटर आणू. तिने सगळं ऐकून घेतलं. तिचं म्हणणं एवढंच होतं की लोकांना तिने 'इसरते' म्हणून सांगितलं होतं, आणि आता विसरणं तिच्या हातात राहिलं नव्हतं. मग पुढचे दोन भांग तिने एकच काम केलं. एकेकाला निरोप धाडून बोलावलं. घडलं ते न लपवता सांगितलं, चूक स्वतःची म्हणून सांगितलं, मी तिथे बसलेलो असायचो तरी माझं नाव घेतलं नाही. मग त्याचे अर्ज छापून पाकिटात घालून द्यायचे आणि त्याच्यादेखत पुसायचे. काही जण चिडले. शिंगाळ्याने कोर्टात खेचायची भाषा केली, आणि तो अर्ज कोणाकडून टाइप करून घ्यायचा असा प्रश्न पडल्यावर गप्प झाला. मांदेली पाकीट न घेताच गेली. इथेच फाड काकी, घरी कुठे ठेवू, म्हणाली. वेल्डरने नवीन गाव धरलं होतं, त्याला फोनवर विचारून पुसलं. जे लोक मेले होते त्यांचं तिने न छापता, न उघडता पुसून टाकलं. पोरं मागायला आली तरी दिलं नाही.

मी रोज कामावरून सुटल्यावर तिथे जाऊन बसायचो. मदत म्हणून नाही, मदतीचं नाव काढायला मला तोंड नव्हतं. माझा मासा कधी येतो याची वाट बघत होतो आणि तो येऊ नये असंही वाटत होतं.

तो सगळ्यात शेवटी आला. दुकान तोवर आवरून झालं होतं, भाचीकडे केळव्याला राहायला जाताना न्यायच्या दोन पिशव्या दाराशी होत्या. काकीने 'निवटी' उघडली, माझे अर्ज छापले, पाकीट माझ्या हातात दिलं आणि एकेक पुसत गेली. मग ती एकच राहिली.

"ती?" मी विचारलं.

"ती तुजी नाय. तुज्या बापसाची हाय."

मी म्हटलं, बापाचं पुढे मुलाकडेच येतं, घर आलं, बोट आली. काकीने मान हलवली. "घर ठेवून गेला, बोट ठेवून गेला. हे ठेवून नाय गेला. टाइप करून घेतलं, दोनदा वाचून घेतलं, मग बोलला, राहू दे, नको छापू. मी बोलले पुसते, तर गप बसला. पूसही नाय बोलला. म्हणून राहिली."

माझी जन्मतारीख आहे त्यात, मी म्हटलं. मला नुसतं एवढंच सांग की ते रागाने लिहिलं होतं का. काकीने चावी हातात घेतली, फिरवली, परत खाली ठेवली. पंचवीस वर्षांत मी तिला असं अडलेलं बघितलं नव्हतं. मग तिने खुर्ची वळवली आणि सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं.

"कागदातलं मी सांगणार नाय. पण उठताना तो जे बोलला, ते मी टाइप केलेलं नाय. ते सांगते. बोलला, पोराला बोट लागते, मला ठावं हाय. मागच्या अंगाला जाऊन ओकायचा, तोंड धुवून परत यायचा. मी बघितलं हे त्याला कळू नये म्हणून मी तोंड दुसरीकडे करायचो."

चार हंगाम मला वाटत होतं की मी लपवतोय. बाबा नेहमी सुकाणूपाशी पुढे तोंड करून का बसायचे, मागे वळून मला एकदाही हाक का मारायचे नाहीत, याचा मी वीस वर्षं दुसराच अर्थ लावला होता. त्या पाऊण पानात काय होतं, हे मला आजही कळलेलं नाही, आणि नक्की काय वाटून ते छापू नको म्हणाले तेही नाही. केळव्याला गेलो की काकीला विचारावंसं वाटतं, पण ती नारळाच्या बागेत खुर्ची टाकून बसलेली असते, चहा देते, आणि मी विचारत नाही. हे लिहायची परवानगी मात्र घेतली. तुजं हाय तेवढं लिव, लोकांचं नको, म्हणाली.

त्या दिवशी तिने मला तिच्या खुर्चीत बसवलं. तूच पूस, म्हणाली. डोळे भरून आले होते, मला पुसायची कळ दिसत नव्हती. भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून पिशवीत गेलं होतं, तिथे नुसता खिळा उरला होता. काकी दुसरीकडे तोंड करून त्या खिळ्याकडे बघत उभी राहिली, माझं होईपर्यंत.